सैनिकाचे घर : वियोग आणि पुनर्मीलन

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, वाशी येथे, महिला शाखेतील सैनिकपत्नींच्या वतीने वाचलेले भाषण)



मंडळाच्या कार्यकारिणीने महिला सत्रात बोलण्याची संधी आम्हांस दिली, याबद्दल प्रारंभीच आम्ही तिचे मनःपूर्वक आभार मानतो. येथे ‘आम्ही’ म्हणजे कोणी एक वक्ती नव्हे. वाशी व आसपासच्या गावांतील आपल्या ज्ञातीच्या ज्या स्त्रियांचे पती आज लष्करात आहेत, किंवा लष्करातून निवृत्त होऊन घरी आले आहेत, अशा आम्ही सर्वजणी मेळाव्यापूर्वी काही वेळा एकत्र बसलो. त्या बोलण्यातून जे निघाले तेच येथे एका मुखाने मांडीत आहोत.

आपले मंडळ दरवर्षी सैनिकांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करते. त्या प्रसंगी निरोपाविषयी पुष्कळ बोलले जाते. पती सीमेवर निघाला, पत्नीने डोळ्यांतील पाणी आवरून त्यास ओवाळले, असे वर्णन ऐकून सभा सद्गदित होते. या गौरवाचा आम्ही नम्रपणे स्वीकार करतो. परंतु इतक्या भाषणांत एका गोष्टीचा उच्चार आम्ही कधी ऐकला नाही, आणि ती म्हणजे सैनिकाचे परत येणे. तो परत आला की सर्व दुःख संपले, आता आनंदीआनंद, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते. आमचा अनुभव याहून निराळा आहे. पतीवाचून घर चालविण्याचे आम्ही हळूहळू शिकतो. परंतु असे चाललेल्या घरात त्याची जागा पुन्हा कशी करावी, हे आम्हांस कोणी शिकविलेले नाही, आणि त्यासही कोणी शिकविलेले नाही. हे काम केवळ पतिपत्नींचेही नाही. त्यात सासूसासरे, दीरजावा, शेजारी आणि आपले हे मंडळ या सर्वांचा वाटा आहे. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते याविषयीच.

आपली ज्ञाती बलुतेदारांतील. आपल्या आजे-पणज्यांचे काम गावाच्या शिवेच्या आत होते, आणि घरचा पुरुष संध्याकाळी घरी येणार हे ठरलेले होते. शिवाय आपला हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या बाजूस फौजेत भरती होण्याची जी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत पडली, तशी ती आपल्याकडे रुजली नव्हती. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. अशा गावांत सैनिकाचे घर कसे चालवावे याचे शहाणपण सासूकडून सुनेकडे येते. रजेवर आलेल्या माणसास पहिले दोन दिवस काय विचारू नये, हे तेथील म्हातारीस ठाऊक असते. आपल्या घरांत मात्र फौजेत जाणारा पहिला मुलगा आणि त्याची वाट पाहणारी पहिली सून या एकाच पिढीच्या. आमच्या सासूबाईंनी आम्हांस माया दिली. पण जे त्यांनी स्वतः कधी भोगले नाही, त्याचा धडा त्या कोठून देणार? हे भाषण म्हणजे तो धडा लिहून ठेवण्याचा एक प्रयत्न आहे.

वियोग ही महाराष्ट्रास नवी गोष्ट नाही. शिवछत्रपतींच्या लष्कराची जी व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत नोंदविली आहे, तिच्यात पावसाळ्याचे चार महिने लष्कराने छावणीस राहावे, दसऱ्यास स्वारीस निघावे आणि आठ महिने परमुलखात काढावे असे आहे. लष्करात बायकांस नेण्याची सक्त मनाई होती. म्हणजे त्या काळच्या शिलेदाराची बायको आठ महिने एकटी आणि चार महिने नवऱ्यासह असे वर्ष काढीत असली पाहिजे. तिच्या वियोगास निदान ऋतूंची मर्यादा होती. आजही दसऱ्यास आपण तुळजापुरास जातो, आईचे सीमोल्लंघन पाहतो. त्या विधीमागे एके काळी हजारो घरांतील निरोप होता, याची आठवण ठेवणे योग्य होय.

पुढे स्वाऱ्या लांबल्या आणि ही मर्यादा तुटली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः त्या मोहिमेबरोबर होत्या. त्या कशाबशा परत आल्या. भाऊ परत आले नाहीत. परंतु आपला पती मेला हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही, आणि १७८३ साली मृत्यू येईपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. भाऊंचे नाव सांगणारा एक तोतया मध्यंतरी उभा राहिला. त्याचे बंड मोडून १७७६ साली त्यास देहान्त शिक्षा देण्यात आली. इतिहासाच्या पुस्तकांत हे प्रकरण राजकारण म्हणून येते. आम्ही ते निराळ्या नजरेने वाचतो. बावीस वर्षे एका घरात एक जागा रिकामीही नव्हती आणि भरलेलीही नव्हती, असा त्याचा अर्थ आम्हांस लागतो.

ही गोष्ट जुन्या काळापुरती नाही. ५ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे विमान पाकिस्तानात पाडले गेले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय पातळीवरील बॅडमिंटन विजेत्या. विवाह होऊन फार काळ लोटला नव्हता. पती जिवंत असून कैदेत आहेत अशा आशेने त्यांनी कित्येक दशके पाठपुरावा केला, आणि २००७ साली बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांचे जे मंडळ पाकिस्तानातील तुरुंग पाहावयास गेले, त्यामागे अशाच कुटुंबांची चिकाटी होती. युद्धानंतर न परतलेल्या ५४ जणांची यादी आजही उत्तराची वाट पाहत आहे. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातील बेपत्ता सैनिकांच्या बायकांचा अभ्यास करणाऱ्या पॉलिन बॉस या विदुषींनी अशा दुःखास स्वतंत्र नाव दिले. शरीराने दूर असलेला माणूस मनाने घरात वावरत राहतो, त्यामुळे शोकही करता येत नाही आणि संसारही मोकळेपणाने करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हां सर्वांवर इतका कठोर प्रसंग आलेला नाही, याबद्दल आम्ही आई तुळजाभवानीचे उपकार मानतो. पण त्याची लहानशी सावली प्रत्येक सैनिकाच्या घरावर पडतेच. फोन दोन दिवस लागला नाही की ती सावली लांब होते.

आता आजच्या नोकरीचे स्वरूप थोडक्यात सांगतो, कारण ज्यांच्या घरात सैनिक नाही त्यांस ते ठाऊक नसते. जवानाची नेमणूक कधी ‘पीस’ला असते, कधी ‘फील्ड’ला. पीसच्या ठिकाणी क्वार्टर मिळाले तर कुटुंब बरोबर राहू शकते. फील्डला ते शक्य नसते. जवानास वर्षास ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. परंतु ती केव्हा मिळेल हे तुकडीच्या गरजेवर अवलंबून. सियाचेनवर १३ एप्रिल १९८४ पासून आपली ठाणी आहेत, आणि तेथे आपल्या जिल्ह्यातील सोयाबीन व ज्वारीच्या रानांतून गेलेली मुलेही बर्फात उभी राहिलेली आहेत. पत्र पाठवावयाचे तर पत्त्यावर गावाचे नाव नसते. युनिटचे नाव आणि ‘५६ एपीओ’ एवढेच लिहावयाचे. आपला माणूस नकाशावर नेमका कोठे आहे हे पत्नीस ठाऊक नसणे हा या नोकरीचा नियमच आहे.

पूर्वी तारवाला दारात आला की घराचा थरकाप होत असे. १५ जुलै २०१३ पासून तारसेवाच बंद झाली. आता मोबाइल आहे. त्याने फार मोठी सोय झाली, हे निर्विवाद होय. परंतु त्याचे एक ओझेही आहे. अंतर्देशीय पत्रात चार ओळी विचार करून लिहिल्या जात. आता बोअर आटली, म्हैस आजारी पडली, धाकट्याने शाळा बुडविली, जाऊबाई टाकून बोलल्या, ही प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी बारा हजार फुटांवरच्या माणसाच्या कानावर जाऊ शकते. तो तेथून काहीही करू शकत नाही, आणि रात्रभर जागा राहतो. उलट सर्वच लपविले तर परत आल्यावर त्यास घर परके वाटते. यावर आमच्यातील वडील बहिणींनी एक साधा नियम सांगितला, तो आम्हांस पटला. ज्यावर त्याचा निर्णय हवा ते स्पष्ट सांगावे; ज्याचा निर्णय आपण घेतला आहे ते निर्णयासकट सांगावे; आणि ज्याची केवळ चरफड आहे ते मैत्रिणीस सांगावे. आजारपण आणि मृत्यू मात्र कधीही लपवू नये. ते बाहेरून कळले म्हणजे पुढच्या प्रत्येक फोनवरचा विश्वास उडतो.

वियोगाच्या काळात घर चालविणे म्हणजे वाट पाहत बसणे नव्हे. पेरणी, खतबियाणे, पीकविमा, पोरांची फी, सासऱ्यांचे औषधपाणी हे सर्व आम्हीच पाहतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर सुरू झाली, तेव्हा बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढणाऱ्या आमच्यापैकी पुष्कळजणी होत्या. या कामांच्या जोडीने काही कागद वेळीच सिद्ध ठेवणे अगत्याचे आहे. ते येथे सांगतो, कारण स्मरणिका घरोघर जाते आणि हे पान कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, विवाहाची व प्रत्येक अपत्याच्या जन्माची नोंद पतीच्या सेवापुस्तकात ‘पार्ट टू ऑर्डर’ने झाली आहे की नाही, हे रजेत विचारून घ्यावे. नावातील एक अक्षर चुकले, आधारपत्रावर निराळे आणि सेवापुस्तकात निराळे पडले, तर पुढे निवृत्तिवेतनाच्या वेळी वर्षे जातात. दुसरी, भविष्यनिधी, सामूहिक विमा व बँक यांतील नामनिर्देशन विवाहानंतर बदलले आहे की नाही, हे पाहावे. तिसरी, फील्डला जाण्यापूर्वी संयुक्त खाते आणि आवश्यक तर मुखत्यारपत्र करून ठेवावे. चौथी गोष्ट कोर्टकचेरीची. बांधाचा किंवा वाटणीचा वाद निघाला आणि पती सीमेवर असला की समोरचा पक्ष घाई करतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. अशा वेळी घाबरून जाऊ नये. रजा मिळत नसेल तर सैनिक आपल्या वतीने दावा चालविण्यासाठी कोणासही, अर्थात पत्नीसही, कमांडिंग ऑफिसरसमोर लेखी अधिकार देऊ शकतो; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २८ व्या आदेशात ही तरतूद आहे. शिवाय युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाविरुद्धची कार्यवाही स्थगित ठेवण्याविषयी १९२५ चा स्वतंत्र कायदा आहे. धाराशिव येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संबंध ठेवावा, कारण अशा कामात पहिला दरवाजा तोच.

भगिनींनो, येथवर जे सांगितले ते कठीण असले तरी त्यास वाट आहे. खरी कसोटी पुढे लागते, ती तो घरी आल्यावर.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील आयोवा प्रांतात रूबेन हिल या समाजशास्त्रज्ञाने १३५ कुटुंबांचा अभ्यास केला, आणि १९४९ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ही कुटुंबे वियोगातून आणि पुनर्मीलनातून कशी गेली हे त्याने पाहिले. त्याच्या मांडणीतील एक मुद्दा आम्हांस आपल्या घराचा वाटला. पती दूर गेल्यावर घर रांग मिटवून घेते, त्याची कामे इतर जण वाटून घेतात. ही रांग मिटली नाही तर घर कोसळते. परंतु ती इतकी घट्ट मिटली की परतणाऱ्यास शिरावयास फटच उरली नाही, तर पुनर्मीलन अवघड होते. वियोग उत्तम निभावणारी घरेही पुनर्मीलनात अडखळू शकतात, कारण या दोन निराळ्या परीक्षा आहेत. आयोवाचे शेतकरी आणि वाशीचे शेतकरी यांत अंतर मोठे. परंतु दाराशी पेटी घेऊन उभा राहिलेला माणूस दोन्हीकडे सारखाच.

आपल्या घरांतील रीत पाहा. जवान जम्मूहून झेलम एक्स्प्रेसने निघतो, पुणे किंवा दौंड गाठतो, मग एस.टी.ने वाशीस येतो. वाटेत त्याने घराचे जे चित्र मनात आणलेले असते ते त्याच्या मागच्या रजेतले असते. दीड वर्षाची मुलगी तीन वर्षांची झालेली असते, आणि तो हात पुढे करतो तेव्हा ती आईच्या पदराआड जाते. कपाटाच्या किल्ल्या निराळ्या खुंटीवर, पोरांचा अभ्यास निराळ्या वेळी, आडत दुकानाचा हिशेब पत्नीच्या वहीत. जेथे तो अकरा महिने होता तेथे शब्दाबरोबर हुकूम पाळला जातो. येथे पाच वर्षांचा मुलगा ‘मी आईला विचारतो’ म्हणतो. हे वाक्य त्याच्या काळजास लागते. मुलाची त्यात चूक नाही, आणि आईचीही नाही.

पत्नीच्या मनातही याच वेळी दोन प्रवाह असतात. एक म्हणतो, आता भार उतरला. दुसरा म्हणतो, वर्षभर मी निभावलेले घर आता माझ्या हातून एका दिवसात जाणार काय? आम्ही एकत्र बसलो तेव्हा हा दुसरा विचार बोलून दाखविण्यास पुष्कळजणी कचरत होत्या, जणू पतीच्या आगमनाचा निर्भेळ आनंद न वाटणे हा अधर्मच. आम्ही आज जाहीरपणे सांगतो की तो अधर्म नाही. वर्षभर बैलांमागे चाललेल्या माणसास कोणी कासरा हिसकावून घेतला तर त्याच्या हातास जे वाटेल तेच हे आहे.

यावर उपाय काय? आमच्या अनुभवातून निघालेले थोडे येणेप्रमाणे. पहिले आठ दिवस कोणताही मोठा हिशेब काढू नये. त्यास झोपू द्यावे, रानातून हिंडू द्यावे, पोरांस त्याच्याजवळ आपणहून जाऊ द्यावे, ढकलू नये. आठ दिवसांनंतर एक संध्याकाळ ठरवून वही उघडावी. काय विकले, काय घेतले, कोणाचे देणे आहे, हे पत्नीने सांगावे आणि पतीने पुरते ऐकून घ्यावे. चुका दाखवावयाच्या असतील तर दुसऱ्या दिवशी, आणि पोरांसमोर किंवा आईवडिलांसमोर नव्हे. रजेपुरते एखादे काम संपूर्ण त्याच्याकडे द्यावे, जसे मुलास शाळेत पोहोचविणे किंवा विहिरीची मोटर. पण रजा संपताच जे परत पत्नीकडेच यावयाचे आहे, त्याची व्यवस्था मोडू नये. आणि सुट्टीच्या शेवटच्या चार दिवसांत जे विनाकारण भांडण उद्भवते, ते बहुधा निरोपाचे दुःख असते, हे दोघांनीही ओळखून ठेवावे.

आता थोडे ज्ञातिबांधवांस. साठ दिवस ऐकावयास फार वाटतात. त्यांतील किती पत्नी व मुलांच्या वाट्यास येतात हे एकदा मोजून पाहावे. आला त्या दिवशी मित्रमंडळी. मग चुलत्यांकडे मुक्काम, मग येरमाळ्याच्या येडेश्वरीस जाणे, मग तीन लग्ने, एक बारसे, दोन तेराव्याचे कार्यक्रम, बांधाचा जुना तंटा, आणि कँटीनमधून काय आणले याची चौकशी. ज्यांनी वर्षभर सैनिकाच्या घराची विचारपूस केली नाही, तेही बाटलीच्या चौकशीस मात्र वेळेवर येतात. हे आम्ही रागाने म्हणत नाही, पण हसून सोडावे असेही ते नाही. जो माणूस मुलीच्या ओळखीचा होण्यास वीस दिवस घेतो, त्याचे चाळीस दिवस आपण घेतले तर ती ओळख पुढच्या वर्षावर पडते.

दुसरे, वर्षभर तलाठ्याकडे, सोसायटीत, बँकेत जी सून ताठ मानेने गेली, तिला तो घरी येताच ‘आता मालक आले, तू आत जा’ असे सांगण्याची रीत बंद झाली पाहिजे. असे बोलणारे बहुधा पतीचा मान वाढवीत आहोत असे समजतात. वस्तुतः ते त्याच्या पुढच्या वर्षाची झोप उडवीत असतात. जिचा शब्द गावात मोडला गेला, तिच्या हाती घर सोपवून तो निर्धास्तपणे सीमेवर कसा उभा राहील? राज्यात १९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. पतीच्या संमतीने सातबारावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. जी जमीन प्रत्यक्ष कसते आणि कसविते तिचे नाव कागदावर यावे, एवढे जरी प्रत्येक सैनिकाच्या घरी झाले तरी या भाषणाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, परंतु सांगितली पाहिजे. काही जण परत येतात ते झोप हरवून येतात. फटाक्याचा आवाज झाला की दचकतात, क्षुल्लक कारणाने संतापतात, माणसांत बसत नाहीत, नशेकडे वळतात. आपल्या तालुक्यात तेरखेड्यास फटाक्यांचे कारखाने आहेत, तेव्हा आवाजाची उणीव येथे नाही. हे भित्रेपण नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. जखम आहे, आणि जखमेस औषध असते. लष्करी रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते, आणि १ डिसेंबर २०२३ पासून सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्यास सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. मात्र दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगतो. सैनिकाचा मान मोठा म्हणून त्याच्या घरातील मारहाण पत्नीने मुकाट सोसावी, असा अर्थ कोणी काढू नये. सत्काराच्या शालीखाली असे काही झाकले जात असेल तर मंडळातील वडीलधाऱ्यांनी पुढे होऊन बोलले पाहिजे.

सर्वांत मोठे पुनर्मीलन म्हणजे निवृत्ती. शिपायास १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, आणि पुष्कळ जण चाळिशीच्या आसपास घरी येतात. म्हणजे ज्या वयात इतरांचा संसार स्थिर झालेला असतो, त्या वयात आमचा सुरू होतो. आणि त्यातही काही जण पुन्हा डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये किंवा पुण्यामुंबईस सुरक्षारक्षक म्हणून जातात, कारण घरी काय करावे हेच त्यांस कळत नाही. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत तर चार वर्षांनी बहुसंख्य तरुण परत यावयाचे आहेत. म्हणजे परत येणारांची संख्या आपल्या गावांत वाढणार आहे, आणि त्यांच्या परतण्याचा विचार आताच करावयास हवा. यापुढे केवळ मुलगेच जातील असेही नाही. लष्करी पोलीस दलातील महिला जवानांची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये सेवेत आली, आणि त्याच वर्षी मतदारयादीच्या कायद्यातील सैनिकाच्या ‘पत्नी’ ऐवजी ‘जोडीदार’ हा अर्थ देणारा शब्द आला. उद्या आपल्या ज्ञातीची मुलगी रजेवर येईल आणि जावईबापू घर सांभाळून तिची वाट पाहत असतील. त्यांसही या भाषणाचा उपयोग व्हावा.

मंडळाकडे आमच्या मागण्या चार आहेत. सैनिकांच्या पत्नींची एक यादी मंडळाने ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी त्यांची एक बैठक भरवावी. आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन १९६६ पासून छावण्यांतून जे करीत आली आहे, ते गावी राहणाऱ्या स्त्रियांसाठी कोणीतरी करावयास हवे. दुसरे, कागदपत्रांच्या कामास वर्षातून एक दिवस ज्ञातीतील जाणत्या वकिलांनी व निवृत्त सुभेदारांनी द्यावा. तिसरे, मंडळाने ठराव करावा की रजेवर आलेल्या सैनिकास पहिले आठ दिवस कोणी जेवणास, सभेस किंवा तंट्यास बोलावणार नाही. चौथे, सैनिकाचा सत्कार करावयाचा तर तो रजेच्या मध्यावर करावा, आणि त्या वेळी पत्नीसही व्यासपीठावर बसवावे. शाल एकच असली तरी चालेल.

या मागण्यांस पैसा फारसा लागत नाही. थोडा विचार आणि थोडी माघार एवढेच लागते. ज्या ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या गावाची मोडलेली अवजारे सांधून दिली, तिला आपल्याच मुलांचे संसार सांधून देणे अवघड जाऊ नये. जे आज सीमेवर आहेत ते सुखरूप परत येवोत. आणि ते येतील तेव्हा त्यांच्यासाठी घरात जागा असो, व ज्यांनी ते घर राखले त्यांची जागाही तशीच असो, अशी आई तुळजाभवानीच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण संपवितो.